वाकड्या वाडग्यांचा शनिवार

प्रिय देवू,

हे पत्र तुझ्या हातात रुपाली देईल. तुझ्या शेजारच्या टेबलावर कोकम आणि लाल तांदूळ विकते तीच. दिवा गावी माहेरी निघाली आहे, आधी डोंबिवलीला उतरते म्हणाली. आपले चार मजले लिफ्टशिवाय चढून आलेली असेल, तेव्हा आईला सांगून आधी तिला पाणी दे आणि मगच पाकीट फोड. फोन का केला नाही, असं तू विचारशील. केला असता, पण फोनवर तू मला "बाबा, थोडक्यात" म्हणतेस, आणि थोडक्यात सांगितलेली गोष्ट म्हणजे माप न घेता कापलेलं लाकूड, नंतर कुठेच नीट बसत नाही. शिवाय हे लिहूनच पाठवावं लागण्याचं एक कारण आहे. ते ओघात येईल.

पाय कसा आहे? प्लास्टरच्या आत खाज सुटली तर आईची विणायची सुई घालू नकोस, ती सुई वाकते. मामेबहिणीच्या हळदीत नाचताना पाय मोडून घेणारी आपल्या घराण्यातली तू पहिलीच. कल्याणच्या त्या हॉलची फरशी मोरीकडे उतरती आहे, हे मी आत शिरल्या शिरल्या म्हणालो होतो. कोणी लक्ष दिलं नाही. असो. निघताना तू मला तीन सूचना दिल्या होत्यास: कुणाला समजावत बसू नका, कुणाशी वाद घालू नका आणि कशालाही पॉलिश पेपर लावू नका. पैकी तिसरी मी जवळजवळ पाळली.

गेल्या शनिवारी तुझं टेबल रिकामं राहिलं. या शनिवारीही राहिलं असतं तर जागा रांगेतल्या पुढच्या माणसाला गेली असती, असा तुमच्या बाजाराचा कायदा. ठाण्याची ती एसीतली नोकरी सोडून तू इथे गोव्यात समुद्राकाठी लाकूड कातायला आलीस आणि एवढी वाट बघून ती सुरूच्या झाडांच्या सावलीतली जागा मिळवलीस. ती जाऊ नये एवढ्यासाठीच मी आलो. नाहीतर शनिवारी मी गाळा सोडून कुठे जात नाही, हे अख्ख्या विठ्ठलवाडीला ठाऊक आहे. रांगेतला तो पुढचा माणूसही मी पाहिला. सुगंधी मेणबत्त्या करतो. सकाळपासून तुझ्या टेबलाभोवती घिरट्या घालत होता आणि दुपारची सावली कुठवर येते ते बघून ठेवत होता. मी त्याला नमस्कार केला. त्याने टेबलालाच नमस्कार केला.

तुझं टेबल वाळूत आहे हे तू मला कधी सांगितलं नव्हतंस. मी पाणसळ काढून वर ठेवली, तर बुडबुडा पार एका कडेला जाऊन बसला. अशा टेबलावर तू आजवर माल मांडत होतीस? मी नारळाच्या करवंट्या गोळा केल्या, एकेका पायाखाली सरकवल्या आणि बुडबुडा मधोमध आणला. तोवर आजूबाजूला बघे जमले होते. एका गोऱ्या बाईने फोटो काढला आणि हे कुठल्या प्रकारचं ध्यान आहे, असं विचारलं. मी म्हणालो, पाणसळ. ती "पानसाल, पानसाल" असं घोकत पुढे गेली. टेबल तासाभरात परत कललं. मी परत करवंट्या लावल्या. रुपाली आपल्या कोकमाच्या ढिगामागून बराच वेळ हे बघत होती, शेवटी म्हणाली, "ओ दादा, तुमी इकाला आलाव का समुद्र सपाट कराला?"

बाजार तसा शिस्तीचा आहे, हे मला मान्य केलं पाहिजे. मधे रस्ता मोकळा सोडतात, प्लॅस्टिकची एक पिशवी दिसत नाही आणि प्रत्येक टेबलाखाली एक कुत्रा झोपलेला असतो, तोही बहुतेक बाजारानेच वाटून दिलेला. फक्त सगळंच सेंद्रिय आहे. साबण सेंद्रिय, कानातली सेंद्रिय, एका बाईकडचा झाडूसुद्धा सेंद्रिय. असेंद्रिय झाडू कसा असतो, असं मी तिला अगदी शिकण्याच्या भावनेने विचारलं, तर तिने माझ्याकडे पाठ केली. आणि तो टोकाचा मुलगा, ज्याच्याकडे विकायला काहीच नाही, नुसत्या दोन खुर्च्या आणि पाटी: "बोला, मी ऐकतो." जेवणाच्या वेळी रुपालीला टेबल बघायला सांगून मी त्याच्यासमोर बसलो. म्हटलं, हे काम तरी नीट करतो का बघू. मी त्याला पहिल्यापासून सांगितलं. दहावीनंतर कंपनीच्या स्टोअरमध्ये लागलो, तिथल्या मोडक्या खोक्यांच्या फळ्या घरी आणायचो, वाचनालयातलं एक इंग्रजी पुस्तक चित्रं बघून बघून समजून घेतलं, लेथ स्वतः जुळवला आणि आज डोंबिवलीत प्रफुल्लचा पोळपाट म्हटलं की नव्या संसारात दुसरा कोणी घेत नाही. कोणी शिकवलं नाही, माझा मी शिकलो. मग मी त्याला सागाचा पोळपाट आणि शिवणीचा पोळपाट यांतला फरक सांगायला घेतला. सागावर आलो तेव्हा तो मान डोलावत होता. शिवणीवर आलो तेव्हा त्याने पाटी उलटी करून ठेवली. मागच्या बाजूला लिहिलं होतं, "आज ऐकून झालं." ही बाजू त्याने मुद्दाम रंगवून घेतली आहे की आधीपासून होती, ते मला कळलं नाही.

आता विक्रीचं. मी खोटं बोलत नाही, हे तुला माहीत आहे. एक जोडपं आलं, त्यांनी तो गाठीचा वाडगा उचलला. तोच, ज्याच्या कडेला गाठ निसटून भोक पडलंय आणि तू ते तसंच ठेवलंयस. त्यांनी विचारलं, यात सूप घेता येईल का? मी म्हणालो, घेता येईल, पण राहणार नाही. ते गेले. मग एकाने सालीसकट ठेवलेल्या कडेवर बोट फिरवलं आणि विचारलं, हे असंच असतं का? मी म्हणालो, नसतं, पण आमची मुलगी ऐकत नाही. तोही गेला. रुपालीने कपाळावर हात मारला. "दादा, तुमच्या तोंडाला काय कुलूप नाय का? गिऱ्हाईक वाडगा घेतंय, पोर नाय पाहाला आलं." तेवढ्यात मी खिशातून पॉलिश पेपरचा छोटा तुकडा काढून एका कडेची कूस घासत होतो, फार नाही, अगदी दोन हात. तिने तो माझ्या हातातून हिसकला आणि आपल्या तांदळाच्या गोणीत खोल खुपसून टाकला. तो वाडगा मी वेगळा ठेवला आहे. तू बघशीलच. खरं सांगतो, सुधारलाय.

आणि मग एक ठाण्याची बाई आली. वर्तकनगरची, हे मी विचारण्याआधीच तिने सांगितलं. तो मोठा वाडगा तिने उचलला, ज्याच्या चिरेला तू तांब्याच्या तारेचे टाके घातलेत. माझ्या मते चीर गेलेलं लाकूड चुलीत जावं, हे मी तुला किती वेळा सांगितलं आहे. तीही तेच म्हणाली. "अहो, हा फुटलाय की. फुटका माल मांडता आणि वर भाव असा?" देवू, मला काय झालं ते मला अजून नीट सांगता येणार नाही. मी म्हणालो, "बाई, फुटलेला नाही. चिरलेला आहे आणि शिवलेला आहे. टाके बघा. एका टाक्यापासून दुसरा टाका सारख्या अंतरावर आहे का बघा. नाहीये. कारण चीर सारखी नाही. जिथे लाकूड जास्त ओढतंय तिथे टाके जवळजवळ घातलेत. हे आधी नीट बघावं लागतं, नुसतं माप घेऊन होत नाही." ती म्हणाली, "म्हणजे मुद्दाम केलंय?" मी म्हणालो, "मुद्दाम नाही तर काय, झोपेत?" बाईने वाडगा खाली ठेवला, परत उचलला, उलटा केला, आणि घेतला. जाताना म्हणाली, विकणारा जरा तिरसट आहे. रुपाली म्हणाली, "आत्ता लागलाव तुमी कामाला." मी पाणी प्यायलो. तुझ्या वाडग्यांना नावं ठेवायची तर ती मी ठेवीन. वर्तकनगरच्या बाईने का ठेवावीत?

त्यानंतर आवेलिनाबाई आल्या. बाजार चालवतात त्या. पांढरे केस, पायांत रबरी बूट, हातात छत्री, पण ती उघडताना कोणी पाहिलेली नाही, फक्त दाखवायला वापरतात. त्यांनी छत्रीने आधी टेबल दाखवलं, मग मला. "हें तुमी केलां?" तू शिकवून पाठवलं होतंस तसं मी म्हणालो, "आम्ही दोघं मिळून करतो." म्हणजे तसं अगदीच खोटं नव्हे. तुझ्या पटाश्यांना धार मीच लावून दिली होती. बाई म्हणाल्या, घरचा माणूस बसला तर माझी ना नाही, पण त्याचा हात त्या कामाला लागलेला असला पाहिजे. आणि छत्री वळली ती तुझ्या त्या जुन्या शिलाई मशीनच्या पायट्यावर बसवलेल्या लेथकडे. "असाच एक करून दाखवा." मेणबत्तीवाला आपल्या जागेवरून उठून जवळ येऊन उभा राहिला.

लाकूड कातायला मी घाबरतो का? तुझ्या ढिगातला आंब्याचा एक ठोकळा घेतला. सालही होती, गाठही होती, अगदी तुझ्या मनासारखा. मी मनाशी ठरवलं: साल ठेवायची, गाठ ठेवायची, कड जशी जाईल तशी जाऊ द्यायची. पायटा मारायला लागलो. बघे जमले, दोन कुत्रे उठून आले. पहिल्या ढलप्या उडाल्या आणि सालीचा एक तुकडा थोडा पुढे आलेला दिसला. म्हटलं एवढाच काढू, बाकी ठेवू. तो काढला तर शेजारचा उघडा पडला, तो काढला. मग एकीकडे साल आणि एकीकडे नाही असं दिसायला लागलं, ते काही बरं दिसेना, म्हणून सगळीच काढली. गाठीपाशी आलो. मनात म्हणत होतो, प्रफुल्ल, थांब, इथे थांब. हात थांबेनात. गाठ गेली. वाडगा गोल व्हायला लागला आणि एकदा गोल व्हायला लागल्यावर त्याला मधेच सोडून देणं म्हणजे, देवू, ते मला जमत नाही. लेथ थांबवला तेव्हा हातात असा वाडगा होता की मेणबत्तीवाल्यानेसुद्धा "वा" म्हटलं. टेबलावर फिरवला तर नाण्यासारखा जागच्या जागी फिरला. मी मान वर करून आवेलिनाबाईंकडे बघितलं. त्यांनी तो उचलला, तुझ्या वाडग्यांच्या रांगेत ठेवला आणि दोन पावलं मागे गेल्या. शाळेच्या फोटोत मुलांच्या रांगेत इन्स्पेक्टर येऊन बसावा तसा तो दिसत होता.

"तुमचा हात इथे नाही," बाई शांतपणे म्हणाल्या.

मला राग आला. कुणाचा ते विचारू नकोस, तेव्हा मला तरी कुठे कळत होतं. मी म्हणालो, "नाहीच आहे! माझा हात असता तर ही भोकं दिसली असती का? ही चीर दिसली असती? एकही गोष्ट ती मी सांगितली तशी करत नाही. मी साल काढ म्हटलं, ती ठेवते. मी गाठ टाळ म्हटलं, ती गाठीचं लाकूड शोधून आणते. या टेबलावर माझ्याकडून शिकलेलं काही म्हणून काही नाही!" सगळा बाजार ऐकत होता. तो ऐकणारा मुलगासुद्धा, फुकट. आवेलिनाबाईंनी विचारलं, "मग तिला शिकवलं कोणी?" मी म्हणालो, "कोणी नाही. तिची ती शिकली."

हे वाक्य मी माझ्याबद्दल आजवर इतक्या लोकांना ऐकवलं आहे, की दुसऱ्या कुणाबद्दल ते तोंडातून निघाल्यावर क्षणभर मी मागे वळून बघितलं, कोण बोललं म्हणून. रुपालीने कोकम चाळायचं थांबवलं होतं. मी खाली बसलो. मग लक्षात आलं की टेबल पुन्हा कललं आहे, आणि या वेळी मी ते तसंच राहू दिलं.

निकाल मात्र कायद्याने लागला. बाई म्हणाल्या, टेबलामागे माणूस होता, पण या कामाचा नव्हता, त्यामुळे आजचा दिवस रिकामाच धरावा लागेल. रुपाली भांडली. काय भांडली! एका दमात आगरी, कोकणी आणि हिंदी, वर "माज्या शेजारला मेणबत्त्या नकोत, वासाने माजा तांदूळ बाटल" हाही मुद्दा तिने मांडला. मेणबत्तीवाल्याने तोवर सावलीत आपली पिशवी ठेवलीसुद्धा होती. मला त्या पिशवीकडे बघवत नव्हतं. तुझा पाय आणखी महिनाभर तरी जमिनीला टेकणार नाही, आणि परत जागा मिळायची तर त्याच रांगेच्या शेपटाला उभं राहायचं. हे तुला घरी येऊन कसं सांगायचं, याची मी मनातल्या मनात वाक्यं जुळवत होतो, आणि सगळी थोडक्यात होत होती.

आवेलिनाबाई निघाल्या आणि थबकल्या. माझा तो गोल वाडगा त्यांच्या हातातच राहिला होता. त्या परत आल्या आणि म्हणाल्या, "हा कोणाचा?" म्हटलं, माझा. "तुमी आणि कितें करता?" मी म्हणालो, पोळपाट. बस, एवढंच म्हणालो, साग-शिवण काही नाही. रुपालीला विचार, साक्षीदार आहे. मग त्यांनी सांगितलं की जागेचा मालक आजारी असला तर तो आपल्या टेबलावर एक पाहुणा कारागीर बसवू शकतो. पाहुण्याने स्वतःचाच माल मांडायचा आणि मालकाचाही सांभाळायचा. मग मालकाची जागा पाय बरा होईपर्यंत हलत नाही, आणि मालकाचं पत्र पुढच्या शनिवारच्या आत आलं तर आजचाही दिवस भरलेला धरता येईल.

तर देवू, आता हे पत्र का लिहिलं ते. पाहुण्याला बसवायचं तर जागेच्या मालकाने त्याच्या कामाबद्दल आपल्या हाताने लिहून द्यावं लागतं. फोनवरून कोणीही कोणाचंही कौतुक करतं, असं आवेलिनाबाईंचं मत आहे, आणि निव्वळ कौतुक आलं तर त्या कागद परत करतात. काय चांगलं आणि काय कमी, दोन्ही लिहावं लागतं. तेव्हा माझ्या पोळपाटांबद्दल तू लिहून दे, आणि रुपाली परत निघायच्या आत दे. माल गाळ्यावरचा राजरत्न गोव्याच्या बसमध्ये चढवून देईल, त्याला मी कळवलं आहे; मी इथेच, तुझ्या खोलीवर थांबतो. आईला तू सांग, मी सांगितलं तर ती हसेल. काय चांगलं, ते तुला सुचेल. काय कमी, याचा मी काल दिवसभर विचार केला. मला काही सापडत नाही, आणि तुला सापडेल अशी भीती वाटते आहे. आजवर माझ्या कामाबद्दल मी कुणाचं लेखी मत घेतलेलं नाही, त्यामुळे मला याची सवय नाही, एवढं फक्त लक्षात ठेव. सांभाळून घे असं म्हणत नाही. बाईंना ते कळेल, आणि मलाही. फक्त लिहिण्याआधी आईच्या ओट्यावरचा पोळपाट मागून घे, पीठ झटक आणि उलटा करून बघ. ती बाजू आजवर कुणी बघितलेली नाही, आणि मी ती वरच्या बाजूइतकीच मन लावून केली आहे. ती बघ, आणि मग तुला वाटेल ते लिही.

तुझ्या टेबलाचा उमेदवार, आणि त्याच्या कितीतरी आधीपासून तुझाच,

बाबा